खरं

आमच्या गर्लगुंजीकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येणार होतो, खरं लोंढ्याची गाडी चुकली.
लुगडं चांगलं हाय, खरं काठ उसवलाय.
पुण्याच्या वहिनीला हे कळायला दोन वर्षं लागली.
तोवर तिला वाटायचं,
ही माणसं उठता-बसता शपथा का घेतात.

चैत्र सरला की कौलं परतायची.
आढ्यावर भाऊ, शिडीवर लुमाण्णाकाका,
सत्तरी झाली तरी शिडी कुणाला देत नाही.
खाली आम्ही बायका ओळीनं.
हातातून हातात एकेक कौल,
त्याची धूळ, त्याखालची विंचवाची पिल्लं,
आणि काकाच्या तोंडून घराणं,
कुठं टवका उडालेलं, कुठं शेवाळलेलं.

आपला मष्णूआज्जा
खानापूरच्या कारखान्यात माती तुडवायला होता.
दिवसाला सहा आणे. खरं मिळायचे पाच.
सहावा कुठं जायचा ते मुकादमाच्या नातवांना विचार,
दोघांनी बेळगावात दुकानं घातलीत.
एकदा म्हणे आज्जानं ओल्या कौलाला
पाठीमागून अंगठा दाबला, कुणाला दिसू नये असा.
एकच कौल?
एकच.
आणि ते आपल्याच घरावर आलं?
आलं म्हणतात. खरं बघितलं कुणीच न्हाई.

म्हणून मी प्रत्येक कौल उलटं करून बघते.
कारखान्याचं नाव सापडतं, झिजलेला हत्ती सापडतो.
गेल्या वर्षी कुत्र्याचा पाय सापडला:
वाळत घातलेल्या रांगेवरून
ऐंशी वर्षांपूर्वी एक कुत्रं पळत गेलं होतं
आणि ते आमच्या स्वयंपाकघरावर होतं, इतके दिवस.
आज्जाचा अंगठा नाही.

आज्जाची बायको गोदव्वा, बैलहोंगलाकडची.
मराठीचा एक शब्द येत नव्हता तिला,
खरं भांडायला कधी अडलं नाही.
तिनं घरात काय आणलं?
दोन पितळी तांबे, जवसाची चटणी,
आणि मोजणी.
ओंदु, एरडु, मूरु,
अजून आमच्याकडं कौलं कन्नडात मोजतात,
शंभर झाली की मराठीत येतात.
का ते कुणी विचारलेलं नाही. तिला तेवढीच शिकवायला
वेळ मिळाला असेल.

रेशन कार्डावर आम्ही घाडी.
उताऱ्यावर गाडी.
मतदार यादीत घाटी, आणि आईचं वय एकोणीस.
तीन घराणी मिळून जमीन दीड एकर,
त्यात रताळी, आणि बांधावरनं वाद.

"हळू गा, काय करूलैस!" काका वर ओरडतो.
एक कौल निसटून अंगणात फुटलं.
मी तुकडे उलटे करून बघितले. सवय.

यल्लाप्पाची गोष्ट काका रोज सांगत नाही.
त्याच्या पाठचा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी गोव्याला गेला.
वास्कोला गोदीत होता.
दोन मनीऑर्डरी आल्या, दुसरीवर पत्ता नव्हता.
एवढंच.
या गोष्टीत कुठंच 'खरं' येत नाही,
इतक्या वर्षांत मी ते ऐकत आले.

शेजारची मल्लव्वा ताक घेऊन आली होती.
तिच्या बोलीतही हा शब्द आहे,
तिथं त्याचा अर्थ नुसता खराच, दुसरा नाही.
तांब्या खाली ठेवत तिनं विचारलं,
"जाताना येतो म्हणला होता की त्यो. खरेना?"

काकानं शिडीचा दांडा धरला.
"म्हणला होता," काका म्हणाला, "खरं"

आणि थांबला.

आम्ही थांबलो, पुढचं वाक्य येईल म्हणून,
मल्लव्वा थांबली नाही,
तिनं मान हलवली आणि भांड्यात ताक ओतलं.
माझ्या हातात एक्याऐंशीवं कौल होतं.
वरून भाऊनं हात पसरलेला.
मी ते उलटं करायचं विसरून गेले.