एक त्रिकोण कमी

इसिक-कुल कधी गोठत नाही.
गोठतात ती आमची बोटं,
आणि एप्रिलात, जर्दाळूला फूल धरलं
की तीही सुटी होतात.
मग मी पेटी अंगणात ओढते,
चिंध्यांचं गाठोडं सोडते
आणि निम्मा वेळ कोंबड्या हाकलत बसते.

सून म्हणते, आई, बिश्केकला तयार दुलई मिळते,
वर अस्वलाचं चित्र, धुवायला सोपी.
मिळू दे.
अस्वलाला काय ठाऊक, बाळ कुणाचं ते.

हा बघ थोरल्याचा शाळेतला लाल रुमाल,
उन्हात धरला तर गुलाबी.
ही नवऱ्याच्या शर्टाची पाठ;
पुढची बाजू ट्रॅक्टरच्या तेलानं खाल्ली.
हे दोर्दोय बाजारातलं चिनी साटीन,
सुई टोचायच्या आतच सटकतं,
नव्या नवरीसारखं, माहेरच्या दिशेनं.
आणि हे सगळे जिर्तिशचे.
पिकलं पान गळलं की त्या घरून
वीतभर कापड येतं दाराशी:
घ्या, आमच्या म्हातारीचं वय
तुमच्या लेकराला लागो.
ब्याण्णव वर्षांची उल्पान, जांभळ्यावर ठिपके.
शंभराला दोन कमी असलेला झुमाबाय,
कोरा मांजरपाट, त्याच्या बोलण्यासारखा जाड.

त्रिकोणाला त्रिकोण, टोकाला टोक.
टोक चुकलं की फटीतून नजर शिरते,
सासू म्हणायची.
तिची टोकं कायम वाकडी,
तरी सात पोरं जगवली तिनं.

पंधरा दिवस शिवत होते.
मधल्या चांदणीला एक त्रिकोण कमी पडला.
हिरवाच हवा होता.
लाल लावून पाहिला, चांदणी चिडल्यासारखी दिसली.
पिवळा लावला, आजारी.
हिरवा गाठोड्याच्या तळाशी होता.
तो तिथं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मखमल. सैकलची.

पाटाच्या पाण्यावरून एकतीस वर्षं
आम्ही एकमेकींच्या धुरांड्याकडेही पाहिलं नाही.
ती रात्री उठून पाटात दगड लावायची,
मी पहाटे उठून काढायची,
आणि माझा लावायची.
इतक्या वर्षांत शहाणपण कुणालाच आलं नाही,
दगड तेवढे गुळगुळीत झाले.
गेल्या पानगळीत गेली. एक्क्याऐंशी.
नातू कापड घेऊन आला
तेव्हा मी दाराआडून नुसता हात बाहेर काढला.

लावला. उसवला.
पुन्हा लावला, उलटा, मखमल आत,
बाहेर तिची फिकी पाठ.
तेही बरं दिसेना;
बाईनं जन्मभर मला पाठच दाखवली होती.
उसवला.
तिसऱ्या खेपेला सुई बोटात गेली,
थेंब हिरव्यावर पडून काळा झाला.
आता हा तुकडा परतही करता येणार नाही,
असं मी मोठ्यानं म्हटलं,
जसं काही कुणी मागायला आलं होतं.
कोंबडी तेवढी थांबून बघत होती.

सुलटा लावला. बारीक टाका घातला,
लग्नाच्या कपड्याला घालतात तसा.
टोक बरोबर बसलं.
बसायला नको होतं, पण बसलं.

त्या रात्री पाण्याची पाळी आमची.
बॅटरी घेऊन पाटावर गेले.
पाणी डोंगरावरून नुकतंच उतरलेलं,
अजून बर्फाच्याच भाषेत बोलत होतं.
वाकले, दगड उचलला,
आणि पाणी त्यांच्या झाडांकडे जाऊ दिलं,
एक किटली चहा निवेपर्यंत.
पलीकडे खिडकीत दिवा लागला, विझला.
मी हाक मारली नाही.
एवढंही काही नाही.

सकाळी धाकटा ओरडत आला,
आई, आपली शेवटची ओळ कोरडी कशी?
मी दातांत दोरा धरला होता.
तोडला.
म्हटलं, कापड कमी पडलं रे.