तासांचा रकाना

केरिचोच्या चहा कारखान्यात
मी शिकवायला होतो. म्हणजे
पत्र्याच्या खोलीत चाळीस खुर्च्या मांडायच्या,
पडदा ओढायचा
आणि सत्तावन्न चित्रं दाखवायची,
वर्षातून दोनदा.

तिसऱ्या चित्रावर पहिली मान पडे.
नवव्याला सोरोनेई घोरायला लागे,
त्याला कोणी उठवत नसे.
रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप
माझ्या चित्रांपेक्षा खरी होती,
हे खोलीतल्या सगळ्यांना कळे. मलाही.

मग पडदा गेला, टॅब्लेट आले.
कोपऱ्यात हिरवं बटण: पुढे.
पुढे. पुढे. पुढे.
शेंगा सोलाव्यात तशी माणसं
बोटानं नियम सोलत गेली,
दाणे कुठं पडले, कोणी पाहिलं नाही.
शंभरपैकी शंभर. सगळ्यांना.
सोरोनेईलाही शंभर,
आणि त्याच आठवड्यात
रोलरनं त्याची बाही ओढली.

बाहीच. हात नाही.
तापरांडिचनं लाल बटण दाबलं होतं
तो ओरडायच्या आधी.
कसं कळलं, मी विचारलं. अहवालासाठी.
म्हणाली, आवाज जाड झाला.
जाड आवाज कुठं लिहायचा,
त्याला रकाना नव्हता.

"म्वालिमू," ती म्हणाली,
म्हणजे गुरुजी, आणि त्यात थोडं हसू होतं,
"रात्री या. खुर्ची आणू नका."

अडीचला गेलो.
आंबवणीच्या पट्ट्यावर हिरवा चुरा
हळूहळू तांब्याच्या नाण्यासारखा होत होता.
तिनं मला डोळे मिटायला लावले,
मनगट धरून माझा धुतलेला हात
त्या उबेत खुपसला.
कसला वास येतोय?
चहाचा, मी म्हणालो.
पट्ट्यावरचे सगळे हसले.
"कापलेल्या गवताचा. कच्चा आहे. थांबा.
आता?"
मला काही कळेना. तेवीस वर्षं शिकवतोय मी.
"आता?"
कुठूनतरी सफरचंद आलं,
साल काढताना येतं तसं,
आणि लगेच जाऊही लागलं.
"हां. आता भट्टी.
आता बोलत बसलात तर माल गेला."

खुर्च्या मी शाळेला देऊन टाकल्या.

आता पाळी बदलताना
भट्टीजवळच्या पत्र्यावर खडूनं एक प्रश्न असतो.
एकच. पाच मिनिटं, उभ्याउभ्या.
पहिले पंधरा दिवस मी लिहिले.
सोळाव्या दिवशी माझा प्रश्न पुसलेला,
त्या जागी कोणाचं तरी वाकडं अक्षर:
बेअरिंग तापण्याआधी कोणता सूर लावतं?
सोरोनेईनं तो नाकातून काढून दाखवला,
इतका हुबेहूब
की दोघी दचकून मागे सरल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
चेमुताई खडू खिशात घालून नेते, पोरांसाठी.
कधी प्रश्नाऐवजी मॅनेजरचं पोट काढलेलं असतं.
कधी उत्तरच चुकतं,
अख्खी पाळी ते चुकीचं उत्तर घेऊन घरी जाते
आणि दुसऱ्या दिवशी भांडत परत येते.
याला मी शिकणं म्हणतो. कार्यालय म्हणत नाही.

गेल्या मंगळवारपासून पत्र्यावर
नव्या पोराचा, किमेतोचा प्रश्न आहे:
धुक्यात खुडलेला पाला
उन्हात खुडलेल्यापेक्षा चिडका का असतो?
कोणाला येत नाही.
तापरांडिच येताजाता एक मूठ हुंगते,
मान हलवते, निघून जाते.
पुसायला मात्र कोणी तयार नाही.

आणि माझ्यासमोर नैरोबीहून आलेला तक्ता.
प्रशिक्षणाचे तास: इथे आकडा भरा.
मनगट धरलं होतं तिनं
दहा सेकंद. फार तर बारा.
मी शून्य लिहितो, खोडतो.
बाहेर पाळीचा भोंगा झाला,
आणि आज खडू
माझ्या खिशात आहे.