वाकडं करायचं काम

सरळ करायला साडेअकरा तास लागले होते.
पावती अजून आहे माझ्याकडं,
खानापूरच्या डिझेलच्या बिलात घडी घातलेली:
व्हाळ खोल करणे, सरळ करणे, काठ साफ करणे.
साफ म्हणजे लव्हाळं, शेरणीची झुडपं,
दोन जांभळी, एक वाळुंज,
आणि उंबराचं ते मूळ,
ज्यात बकेटचा दात मोडला
तेव्हा मी आईवरनं शिवी दिली झाडाला.

चांगलं दिसत होतं, खोटं कशाला सांगू.
पट्टीनं ओढल्यागत पाणी
मलप्रभेकडं निघालेलं, मधे कुठं न बसता.

न बसता. तेच झालं.
पयल्या वर्षी संक्रांतीला आटला,
मग दिवाळीला,
मग आम्ही बघायचंच सोडलं.
विहिरीच्या पायऱ्या मोजता येऊ लागल्या.
बेडूक कुठल्या रात्री गप झाले
त्याची पावती कुणाकडंच नाही.

आता आठ वर्षांनी तोच मी, तीच पिवळी मशीन,
आणि धारवाडच्या नीलांबिका मॅडम
चुन्याची पिशवी घेऊन पुढं.
'इथं वळवा.'
म्हटलं, इथंच कशावरनं?
नकाशात वळण नव्हतं.
नकाशा माझ्यानंतरचा होता.

जनू गवळी बांधावर बसून तंबाखू मळत होता.
'मशीन बंद कर की. काय तर कराल्यास उगंच.
तिला विचार.'
ती म्हणजे त्याची एकशिंगी म्हस, कळपात सगळ्यांत थोरली.
सोडली.
ती सरळ व्हाळ ओलांडून गेली, तिकडं बघितलंही नाही,
मष्णूच्या भाताच्या धसकटात शिरली,
एका जागी थांबली, गोल फिरली,
आणि कोरड्यात बसली
पाणी असल्यागत, मान तेवढी वर ठेवून.

कोण हसलं नाही.

चार फुटांवर गोल काळे दगड लागले.
त्याखाली शिंपले, रेव, थोडी ओल.
मॅडमनी चुना पिशवीत परत भरला.

मष्णू दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी दोरी घेऊन आला, स्वतःच मापली:
तीन गुंठे.
'बापानं बांध सारत सारत मिळवलेले,' म्हणाला,
'पाण्याचेच होते,' आणि लगेच,
'पण नुकसानीचं लिहून द्या.'

फलक कन्नडात की मराठीत, यावर दोन बैठका झाल्या.
व्हाळाला दोन्हीकडं वेगवेगळं नाव.
शेवटी नुसता लोखंडी खांब रोवला.
त्याच्यावर आता खंड्या बसतो.

वाकडं करणं म्हणजे हात वेगळा लागतो.
सरळ कामात डोकं घरी ठेवलं तरी चालतं.
इथं एकेक धोंडा धरायचा, ठेवायचा,
उतरून बघायचं, परत उचलायचा.
'आणि थोडा पडका ठेवा,' मॅडम म्हणायच्या,
'खाली कुणाला तरी राहायचंय.'
कुणाला ते सांगायच्या नाहीत.

सत्तावन्न तास झाले. चार मी लावले नाहीत.
वरच्या अंगाचा अर्धा मैल अजून सरळच आहे,
तिथल्या मालकाला कोर्टात जायचंय.

मार्गशीर्षात फोन आला, या म्हणाल्या.
डोहात पाणी होतं, मांडीएवढं, गढूळ नाही.
मधल्या धोंड्यावर, मी तीनदा उचलून ठेवलेल्या,
काळपट लेंडी, आत खेकड्याच्या कवचाचे तुकडे.
'पाणमांजर,' त्या हळू म्हणाल्या,
कुणी झोपलेलं असल्यागत.
चिमटीत धरून वास घेतला,
मग मलाही दिली, प्रसाद दिल्यागत.

मासा, चिखल,
आणि लहानपणी चड्डी काढून उडी मारायचो
त्या पाण्याचा तळ.

घरी बायको म्हणाली, 'कसला घाण वास याय लागलाय हाताला?'
सांगितलं असतं.
ती जेवायला वाढत होती.
मी डाव्या हातानं तांब्या घेतला,
पाणी प्यालो,
उजवा तसाच ठेवला.