कोंडा

रात्री मी शहराच्या पोटाला कान लावतो.
लोखंडी कांडी, एक टोक रस्त्याला, एक कानाला,
दोन ते चार, वर्दळ निजल्यावर,
शिवडीत, भायखळ्यात, कुर्ल्याच्या पुलाखाली.
फुटकी जलवाहिनी सुस्कारे टाकत नाही;
लांब कुणी तांदूळ पाखडतंय, असं ऐकू येतं.
मी खडूने फुली मारतो.
सकाळची पाळी खणते.

रविवारी मनोरीला घरी गेलो
तर आईने चहाच्या आधी सांगितलं,
तळं रोज चार बोटं उतरतंय.
पायरीच्या दगडावर कोळशाच्या रेघा,
गुरुवारची, शुक्रवारची, शनिवारची जरा तिरकी.
उन्हाने एवढं जात नाही, म्हणाली,
ऊन मला माहीत आहे.

कांडी कामावर राहिली होती.
बांबू रोवला, कान लावला,
बांधावरून अर्धा तास ओणवा फिरलो.
मातीने मला काही म्हणजे काही सांगितलं नाही.
इनासमामा विडी ओढत बघत होता.
झालं का रे म्युनसिपाल्टी, म्हणाला,
आणि सुपातला कोंडा मुठीने पाण्यावर उधळला.

आधी तो नुसता पसरला.
मग भेंडीच्या मुळापाशी त्याला शेपूट फुटलं,
शेपूट वळलं, बारीक झालं,
आणि एकेक कण
खाली जाऊ लागला, रांगेत.

घूस, मामा म्हणाला.
सुरुवात मुठ्याने केली असणार.
खेकडा खोली काढतो, घूस चाळ बांधते.

मी आजारपणाची रजा टाकली.
पंपाने पाणी हातभर उतरवलं, वांग्यांना पाजलं,
आणि पहार घेऊन बिळामागे निघालो.
बीळ सरळ जात नाही.
मुळाला वळसा, दगडाला वळसा, मग एकदम वर,
मग एक कोठार:
भाताच्या लोंब्या, साबणाची अर्धी वडी,
माझ्या ओळखपत्राची निळी दोरी,
जी दादरला हरवली असा मी सहीनिशी अर्ज केला होता.

त्याच्या आत सात पिल्लं,
डोळे मिटलेली, अंगठ्याएवढी.
मामाने फावडं उचललं.
आईने टोपली पुढे केली.
रिसॉर्टच्या हिरवळीत सोडून ये, मला म्हणाली,
तिथं दिवसभर पाणी फुकट जातं.

खाडीकाठची माती नको, ती सुकली की भेगाळते.
शेताच्या पोटातली आणली, कुटली, चाळली,
मूठ वळेल पण बोटांना लागणार नाही इतकी भिजवली.
वीतभर थर, वर धुमस.
वीतभर थर, वर आईच्या टाचा.
कोंडा मिसळू का, विचारलं.
मामा हसला. कोंडा कुजतो रे,
मग पाण्याला पुन्हा वाट.

विहिरीतून तळं भरलं.
शनिवारची रेघ, रविवारची रेघ,
एकीवर एक बसली.

सोमवारी खालच्या अंगाची फिलसूबाय आली.
हातात अळवाची दोन पानं, माना टाकलेली.
भांडली नाही.
पायरीवर ठेवली कोळशाच्या रेघेशेजारी
आणि पदराला हात पुसत उभी राहिली.
तीन वर्षं तिच्या वाफ्यात ओल होती.
कुठून, हे तिने विचारलं नव्हतं, आम्हीही नाही.

मानखुर्दला एका सांध्याला साडीची चिंधी बांधली होती,
चिंधीच्या टोकाखाली हंडा.
फुली मीच मारली होती.
चिंधीवर खडू उठला नाही, म्हणून बाजूच्या भिंतीवर.

आईने पानं उलटीपालटी करून पाहिली.
मला विचारलं, बांधातून तिच्याकडे नळी काढायची
तर किती जाडीची लागेल?
अर्ध्या इंचाची, म्हटलं. चावीसकट.

चावी कशाला, आई म्हणाली.