काना-मात्रेसकट

ग्रात्सच्या कोर्टात एकोणीस वर्षं
मी दुसऱ्यांचं बोलणं टिपते.
घटस्फोट, कुंपणांची भांडणं,
एकदा चर्चमधून चोरलेली घंटा.
ओट्मार क्रेनहुबरचा खटला आला
तेव्हाही पेन्सिली तासल्या नेहमीसारख्या. सहा.

गृहस्थ निवृत्त इंजिनीअर. नखं स्वच्छ.
सावकाश बोलतात, माझ्यावर उपकार केल्यासारखे.
भट्टीचं तापमान, कोळशाचं वजन,
एका देहाला लागणारी मिनिटं,
आणि प्रत्येक हिशेबाखाली
तेच शून्य:
कुणी मारलंच नाही कुणाला,
ज्यूंनी रचलेली गोष्ट आहे, भरपाईसाठी.

लघुलिपीत 'नाही'ला एक आकडी पुरते,
पापणीच्या केसाएवढी.
पहिल्या दिवशी अशा दोनशे चौदा काढल्या.
आमच्या देशात हे बोलणं गुन्हा आहे,
आणि गुन्हा सिद्ध व्हायचा तर
ते बोलणं काना-मात्रेसकट जपून ठेवावं लागतं.
ते काम माझं.
त्याच्या चेल्यांनीसुद्धा
इतक्या नेटकेपणाने उतरवून घेतलं नसेल.

कँटीनमध्ये बुर्गी सूप फुंकत म्हणाली,
बोलू द्यावं की म्हाताऱ्याला.
शब्दांनी का कुणी मरतं?
मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही.
मग आवाज उतरवून म्हणाली,
तसे ते लोक चिवटच गं, पैसा सोडायचे नाहीत.
आणि मीठ पुढे केलं.
मी घेतलं.

तिसऱ्या दिवशी रेगीने फ्युर्स्ट आल्या,
बटणांच्या दुकानदाराची मुलगी,
हातमोजे शेवटपर्यंत काढले नाहीत.
वकिलाने विचारलं,
भावाला मरताना तुम्ही स्वतः पाहिलंत?
नाही.
(आकडी.)
मग कशावरून म्हणता?
त्या थोडा वेळ पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिल्या.
मी लिहिलं: साक्षीदार गप्प.
मग म्हणाल्या,
एमिल सातच्या पाढ्यात अडकायचा.
गाडीतून उतरवून आम्हाला रांगेत उभं केलं होतं,
तो थरथरत होता,
आई म्हणाली, तोवर पाढा म्हणून घे.
सात साते एकोणपन्नासपर्यंत आला.
सात आठे म्हणाला,
आणि मला दुसऱ्या रांगेत ढकललं.

याचा खटल्याशी संबंध काय, वकील म्हणाला.
नोंद घ्या, न्यायाधीश म्हणाले.
इंजिनीअरसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

रात्री मी घरी टाइप करायला बसते
ते टेबल अक्रोडाचं.
आजोबांना लिलावात मिळालं, अडतीस साली,
भलतंच स्वस्त.
आमच्याकडे एवढंच सांगतात.
कुणाचं होतं, हे कुणी विचारलं नाही,
मीही नाही,
त्याचे चोरकप्पे मला लहानपणापासून आवडतात.
खोटं आम्ही कधीच बोललो नाही.
वाक्य फक्त
'स्वस्त'पाशी संपवत आलो.

क्रेनहुबरला शिक्षा होईल बहुधा.
बुर्गी म्हणते, तुरुंगातून हुतात्मा होऊन बाहेर पडेल.
असेलही.
पण तुम्ही पाहिलंत का, असं विचारायला
दर वेळी कुणीतरी नवं उभं राहणार,
आणि एक दिवस समोरच्या पिंजऱ्यात
रेगीनेबाई नसतील.
हा कागद असेल,
त्यात त्यांचं एक पान
आणि त्याची एकशे बारा.

नोंदीत पदरचं काही घालायची मला मुभा नाही.
उत्तर तर शाळकरी पोरालाही येतं.
मी 'सात आठे' टाइप केलं,
पुढे थोडी जागा सोडली,
आणि टेबलावरचा हात
उचलून मांडीवर घेतला.