पक्षकार

निवाडा पंचवीस पानांचा.
अशोक चौकात टपरीवर
सत्तय्यानं बोट फिरवलं परिशिष्टावरून:
अठ्ठेचाळीस कारखाने, नावानिशी.
आमचा नाही.

भिंत एकच आहे.
पलीकडच्या मागांचा खडखडाट
आमच्या टॉवेलांत विणला जातो,
त्यांची रुई आमच्या भाकरीवर बसते.
तिकडं रोजाला चाळीस वाढले.

वकील म्हणाले, जो वादात नव्हता
त्याला निवाडा लागू कसा?
अख्खा धंदा काही कोर्टात उभा नव्हता.

बरोबर असेल.
मी बाहेर उभा होतो, बारा तारखा,
सत्तय्याची सायकल सांभाळत.

काल रात्रपाळीत धोटा उडाला,
भिंतीवर आदळला.
पलीकडे एक माग थांबला.
कुणीतरी दोनदा ठोकून विचारलं,
लागलं का रे?