द्द

खडेबाजाराच्या बोळात नेमगोंडाण्णांचा छापखाना,
मी तिथला खिळेजुळारी, सातेरी मुतगेकर.
निवडणूक लागली की एकाच ट्रेडलवर दोन साप्ताहिकं:
मंगळवारी 'सीमाघोष', शुक्रवारी 'नवा कौल'.
संपादक बोळात समोरासमोर आले
तर एक जण गटारावरून जायचा.

मंगळवारी ह्यानं त्याला गद्दार म्हणायचं.
बुधवारी मी तो शब्द रॉकेलनं धुऊन
खिळा खिळा खणात परत टाकायचा,
गुरुवारी त्यातूनच
त्यानं ह्याला म्हटलेलं जुळवायचं.

द्द चे खिळे आमच्याकडं तीनच.
चौथा गद्दार आला की विचारायचो,
मालक, इथं फितूर चालंल काय?
चालतंय की, म्हणायचे. पण जाड टाइपात घाल.

यंत्राच्या कुशीला, मळाखाली, ओतीव इंग्रजी अक्षरं:
ओहायो. पुढं साल, अठराशे कितीतरी.
दस्तगीर पायटा मारता मारता म्हणायचा,
हिनं तिकडं काय छापलं असंल रे?

हुक्केरी मास्तरांना ठाऊक होतं.
मुलीची लग्नपत्रिका घेऊन आले होते,
एका अंगाला कन्नड, दुसऱ्या अंगाला मराठी.
म्हणाले, तिकडं तेव्हा पेपर म्हणजे पक्षाचं तोंड.
अध्यक्ष निवडायचा तर
एकानं उमेदवाराला दारुडा ठरवायचं,
दुसऱ्यानं दुसऱ्याच्या बायकोवर जायचं.
मतपत्रिकासुद्धा पक्षच छापायचे, रंगीत,
कोण कुणाचं मत घेऊन चाललाय ते लांबूनच दिसावं.
आणि जिंकल्यावर सरकारी छपाई
ज्यानं मन लावून शिव्या दिल्या त्याला.
अण्णा म्हणाले, म्हणजे यंत्राला सवय आहे.
पत्रिकेचे निम्मे आगाऊ ठेवा.

ती पत्रिका कुणी कुणाला दाखवली कुणास ठाऊक.
पुढच्या मंगळवारी मजकूर आला: हुक्केरी मास्तर गद्दार,
मराठीशी.
शुक्रवारच्या अंकाला: हुक्केरी मास्तर गद्दार,
कन्नडशी.
हस्ताक्षरं तेवढी वेगळी.

त्या आठवड्यात तिन्ही द्द माझ्या चुन्याच्या डबीत गेले.
दोन्ही पेपरांत एकच छापून आलं:
हुक्केरी मास्तर गार.

दोघंही संपादक माझ्यावर ओरडले,
वेगवेगळ्या दिवशी, एकाच शिवीनं.
अण्णांनी दोन दिवसांचा पगार कापला.

मास्तर उरलेले पैसे द्यायला आले.
अंक उघडून त्या शब्दावर बोट ठेवलं,
ठसा चाचपल्यासारखं.
सातेरी, एक जोडाक्षर पडलंय.
शोधतोय मास्तर, म्हटलं,
आणि तंबाखू मळायला डबी काढली,
ती खुळखुळली.